बाळाला न्यूमोनिया होऊ नये म्हणून सुरुवातीला एवढंच कर

अगं पहिलं बाळ आहे, प्रत्येक शिंकेला दचकणारच तू. पण सगळं एकदम डोक्यात भरू नकोस, सध्या एवढंच धर.

लसी चुकवू नकोस. पीसीव्ही, म्हणजे न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्धची लस, सरकारी केंद्रात फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि मग 9 महिन्यांना. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस) पण वेळेवर. साध्या सर्दीसाठी तारीख पुढे ढकलायची गरज नसते, आशाताईंना विचार हवं तर. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी नको, घुट्टीही नको (सासूबाई रुसतील, रुसू देत).

आता सगळ्यात कॉमन चूक, धुरी. अंघोळ झाली की ओवा-वावडिंगाची धुरी, खाली शेगडी, खिडक्या बंद, आणि बाळ कसं छान झोपतं म्हणून सगळे खूश, पण तो धूर त्या इवल्याशा फुफ्फुसातच जातो ना. चुलीपाशीही बाळ नको, आणि बिडी-सिगारेटवाला कितीही जवळचा असो, घराबाहेर. नाकात तेल तर अजिबात नाही, ते श्वासातून आत उतरलं तर त्यानेच न्यूमोनिया होऊ शकतो.

श्वास मोजायला शिक. बाळ शांत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. याच्या एवढा किंवा जास्त म्हणजे धोका:
- 2 महिन्यांच्या आत 60
- 2 ते 12 महिने 50
- पुढे 5 वर्षांपर्यंत 40

किंवा बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध ओढत नाहीये, तर बाम चोळत बसू नकोस, मेडिकलमधलं सिरप नको, ताप नसला तरी लगेच दवाखाना गाठ, रात्र असली तरी.