‘पूस’ला पौष म्हणताना

अनेक आशीर्वाद.

तुझी अकरा पानं परवा मिळाली. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’ या हिंदी कथेचा तुझा अनुवाद दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसती तुझी मराठी वाचली, ती छान चालली आहे असं वाटलं. दुसऱ्यांदा ‘मानसरोवर’ या त्यांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड शेजारी उघडा ठेवला आणि मग पेन्सिल खाली ठेवता येईना. पानं परत पाठवतोय, खुणा बघून घाबरू नकोस. माझ्या पहिल्या अनुवादावर यापेक्षा जास्त खुणा झाल्या होत्या.

हिंदी सोपी पडेल म्हणून इथून सुरुवात केली, असं तू लिहिलंस. लिपी तीच, निम्मे शब्द तेच. घात नेमका तिथेच होतो. समोर इंग्रजी असली की प्रत्येक शब्दाला आपण उंबऱ्यावर अडवतो, कोण, कुठून आला, काय काम आहे, विचारतो. हिंदी शब्द ओळखीच्या चेहऱ्यानं येतो आणि सरळ माजघरात जाऊन बसतो.

पहिल्याच पानावरचं बघ. हल्कू शेतकऱ्याची बायको मुन्नी विचारते, ‘माघ-पूस की रात हार में कैसे कटेगी?’ तू लिहिलंस, ‘माघ-पौषाची रात्र या पराभवात कशी जाईल?’ हार म्हणजे पराभव नव्हे आणि गळ्यातला हारही नव्हे. तिकडे गावाबाहेरच्या शेतांच्या पट्ट्याला ‘हार’ म्हणतात. आपला शेतकरी ज्याला ‘रान’ म्हणतो तेच. ‘रानात रात्र कशी निघेल?’ एवढंच म्हणायचं. पुढे हल्कू ‘पुरानी गाढ़े की चादर’ ओढून कुडकुडतोय. तू ‘जुनी गाढ चादर’ केलंस. गाढ झोप असते, चादर नसते. गाढ़ा म्हणजे हातमागावरचं जाडंभरडं सुती कापड. आपल्याकडे त्याला फार सुरेख शब्द आहे, पासोडी. आजीला विचार. शब्द जुना म्हणून वाचकाला कळणार नाही अशी भीती बाळगू नकोस, वाक्यातली थंडी त्याला अर्थ सांगेल.

माझीही एक कबुली सांगतो. तिशीत प्रेमचंदांचीच ‘कफन’ ही कथा करायला घेतली होती. घीसू आणि माधव यांची ओळख करून देताना प्रेमचंद म्हणतात, ‘चमारों का कुनबा था’. कुनबा म्हणजे कुटुंब, कबिला. मी घाईत ‘कुणबी’ लिहून गेलो! एका वाक्यात दोन जाती झाल्या आणि कथेचा पायाच उखडला. एका मित्रानं छापण्याआधी पकडलं म्हणून वाचलो. तेव्हापासून नियम ठेवलाय, जो हिंदी शब्द मला लगेच कळला असं वाटतं, तोच शब्दकोशात आधी बघायचा.

आता उलटी बाजू. काही ठिकाणी शेजारपण कामाला येतं आणि तू नेमकं तिथे ते नाकारलंस. मुन्नी म्हणते, ‘बाकी चुकाने के लिए ही तो हमारा जनम हुआ है।’ तू ‘बाकी’चं ‘कर्ज’ केलंस. का? बाकी हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी अजून आहे. दारात वसुलीला आलेल्या सहनाला द्यायचे पैसे म्हणजे कोणी हौसेनं उचललेली रक्कम नाही. दर हंगामाला मागे उरणारी, फेडली तरी न फिटणारी ती थकबाकी आहे. ‘बाकी फेडायलाच तर आपला जन्म झालाय,’ यात सगळं आलं. तसंच हल्कूच्या नावाचं. त्याचं धिप्पाड अंग त्याच्या नावाला खोटं पाडत होतं, असा मूळात एक गमतीचा टोला आहे. मराठीत ‘हलका’ आयता मिळतो, टीप लागत नाही. तू ते वाक्यच गाळलंस.

शेवटाकडे मुन्नी म्हणते, आता मजुरी करून ‘मालगुजारी’ भरावी लागेल. मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडे मालगुजार म्हणजे गावाचा धनी, त्यानं बांधलेल्या तळ्यांना आजही सरकारी कागदात ‘माजी मालगुजारी’ आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यामुळे माझ्या कानाला तो शब्द घरचा वाटतो आणि म्हणूनच फसवतो. इथे मालगुजारी म्हणजे जमिनीचा सारा. पश्चिम महाराष्ट्रातला वाचक तर ‘मालगुजारी’ वाचून काहीच समजणार नाही. ‘आता मोलमजुरी करून सारा भरावा लागेल’ पुरे. पण इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. मुंबई इलाख्यात बहुतेक ठिकाणी रयतवारी होती, कुणब्याचा हिशेब थेट सरकारशी. संयुक्त प्रांतात, म्हणजे बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेशात, सरकार आणि कसणारा यांच्या मधे जमीनदार किंवा तालुकदार बसलेला. म्हणून प्रेमचंदांच्या ‘गोदान’ कादंबरीतल्या जमीनदार रायसाहेबांना पाटील करता येत नाही. सावकारही करता येत नाही. कोकणातला खोत जरा जवळचा, पण त्यालाही ‘गोदान’मधल्या बेलारी गावात नेऊन बसवू नकोस. जमीनदाराला जमीनदारच राहू दे. बेगारीला मात्र ‘वेठबिगार’ म्हण, तो आपलाच अनुभव आहे. आणि ‘हुक्का-पानी बंद’ असं आलं की ‘वाळीत टाकलं’.

असे शब्द कमी पडले तर त्र्यं. ना. आत्र्यांचा 1915चा ‘गाव-गाडा’ काढून बस. गावातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक हक्क, प्रत्येक लूट तिथे नावानिशी भेटते. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883चा. प्रेमचंद तेव्हा तीन वर्षांचे होते. त्यांनी पुढे हिंदी-उर्दूत ज्या शेतकऱ्याला आणलं, त्याचा हिशेब मराठीत तेव्हा मांडून झाला होता. म्हणून म्हणतो, या कथांसाठी लागणारी मराठी नव्यानं घडवावी लागत नाही. ती धूळ खात पडली आहे, झटकायची आहे.

पत्रात तू ‘सामाजिक वास्तववाद’ हा शब्द चार वेळा वापरलास. वापर, हरकत नाही, पण त्याला वाद म्हणून फार कुरवाळू नकोस. लाला श्रीनिवासदासांनी 1882 साली ‘परीक्षा गुरु’ ही हिंदी कादंबरी लिहिली तेव्हा तिला ‘नई चाल की पुस्तक’ म्हटलं होतं. दिल्लीचा एक सावकारपुत्र, खुशमस्करे, उधळपट्टी. राजे-राण्या-पऱ्या सोडून शेजारच्या घरात डोकावणं ही तेव्हा चालच नवी होती. त्यानंतर लोक ‘चंद्रकांता’ कादंबरीच्या तिलिस्मात, म्हणजे जादूच्या भुलभुलैयात, रमले, तो भाग वेगळा. प्रेमचंदांचंही एका दिवसात झालं नाही. ‘सेवासदन’ कादंबरीत नायिका सुमनसाठी शेवटी एक आश्रम उभा राहतो, ‘प्रेमाश्रम’मध्ये तर नावातच आश्रम आहे. ते स्वतः याला आदर्शोन्मुख यथार्थवाद, म्हणजे आदर्शाकडे झुकलेला वास्तववाद, म्हणत. 1936च्या ‘गोदान’मध्ये आश्रम नाही. सुतळी विकून आलेले वीस आणे शेतकरी होरीची बायको धनिया त्याच्या गार हातावर ठेवते आणि म्हणते, हेच यांचं गोदान. ‘सेवासदन’पासून इथवर यायला सतरा-अठरा वर्षं लागली. मधल्या काळात लेखक कुठल्या सिद्धान्तावरून कुठल्या सिद्धान्तावर गेला हे समीक्षक सांगतील. अनुवादकानं एवढंच बघावं की वस्तू वाढत गेल्या आणि प्रवचन कमी होत गेलं. शाळा-तपासनीस म्हणून हमीरपूर जिल्ह्यातली खेडी तुडवलेला माणूस होता तो. आण्यांचा हिशेब त्याला ठाऊक होता.

म्हणूनच तुझ्या शेवटच्या पानावर मी लाल पेन्सिल वापरली. रात्री शेकोटीच्या राखेजवळ झोपून गेलेल्या हल्कूचं शेत नीलगायींनी फस्त केलंय. मुन्नी काळजीत आहे. आणि मूळ वाक्य असं: ‘हल्कू ने प्रसन्न मुख से कहा—रात को ठंड में यहाँ सोना तो न पड़ेगा।’ तू लिहिलंस, ‘हल्कू केविलवाणं हसत म्हणाला.’ केविलवाणं कुठून आलं? ते तुझं आहे. तुला त्याची दया आली, आणि वाचकालाही यावी म्हणून तू त्याच्या चेहऱ्याला हात लावलास. पण तो खरंच खूश आहे! पीक गेलं आणि माणूस खूश आहे, कारण आज रात्री थंडीत झोपायला लागणार नाही. कथा त्या एका ‘प्रसन्न’वर उभी आहे. ते काढलंस की उरते एक गरिबाची कणवेची गोष्ट, तशा आपल्याकडे हजार आहेत. वस्तूंची नावं चोख दे, पैशांचे आकडे चोख दे, चेहरे जसे आहेत तसे दे. घोंगडीसाठी ठेवलेले तीन रुपये होते आणि ते सहनाला गेले, हे वाचकाला नीट कळलं असेल तर पुढचं त्याचं तो बघेल. (आणि हो, ‘ब्लँकेट’ नको. घोंगडी.)

नीलगायीचं म्हणशील तर विदर्भात आम्ही रोही म्हणतो, पण राज्यभर चालेल ते नीलगायच. हल्कू तुरीची झाडं उपटून त्यांचा झाडू करतो आणि हातात पेटती गोवरी घेऊन आंब्याच्या बागेकडे जातो, तिथे तू ‘अरहर’ आणि ‘उपला’ तसेच ठेवलेस. तूर म्हण. गोवरी म्हण. इथे परकेपणाचा फायदा शून्य.

मग ‘पूस’चं पौष करायचं का? यावर मी बरीच वर्षं घोळ घातलाय. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. कथेत ‘पूस की अँधेरी रात’ आहे. कृष्ण पक्षातली धरली तर आपल्या पंचांगानं तो मार्गशीर्ष वद्य पडतो! पण ‘मार्गशीर्षातली रात्र’ म्हटलं की मराठी बाईच्या डोळ्यांसमोर गुरुवारचा घट आणि महालक्ष्मीची पोथी येते. पौष म्हटलं की लग्नकार्य बंद, संक्रांत जवळ, हातपाय उलणारी थंडी. तेव्हा पंचांग चुकलं तरी पौषच ठेव. अचूकपणा आणि खरेपणा यांत इथे मी खरेपणाच्या बाजूनं आहे. तुला पटलं नाही तर भांड.

हल्कूला वऱ्हाडी बोलायला लावण्याचा मोह तू आवरलास, बरं केलंस. तो अकोल्याचा झाला असता. प्रेमचंदांचे शेतकरी पूर्ण अवधी बोलत नाहीत. साधी खडी बोली, मधेच ‘कंबल’ऐवजी एखादं ‘कम्मल’, ‘पण’ या अर्थी एखादं ‘मुदा’. तसंच साधं ठेव. नवराबायकोचं मात्र सांभाळ. मुन्नी नवऱ्याला ‘तुम’ म्हणते, तू ‘तू’ केलंस. आपल्याकडे तू आणि तुम्ही यांच्यामधे हिंदीसारखी पायरी नाही. मी ‘तुम्ही’ करीन आणि तिचा तोरा शब्दांत येऊ देईन. ‘गाली क्यों देगा, क्या उसका राज है?’ असं ताडकन बोलणारी बाई ‘तुम्ही’ म्हणूनही नवऱ्याला गार करू शकते. आपल्या घरी बघत नाहीस का?

पुढे ‘सद्गति’ किंवा ‘कफन’ करणार असशील तर जातीच्या शब्दापाशी थांब. चमार म्हणजे आपला चांभार, असं सरळ समीकरण नाही. तिकडे तो बहुतांशी शेतमजूर, गावाची पडेल ती कामं करणारा. आपल्याकडे गावकीची ती जागा महारांकडे होती आणि चांभार कातडीचा कारागीर. शब्द बदललास तर समाज बदलेल, सौम्य केलास तर लेखकाचं आणि त्या काळाचं पाप तू पुसलंस. मूळ शब्द ठेव. आणि दलित लेखकांनी प्रेमचंदांवर घेतलेले आक्षेप आधी वाच. 2004 साली दिल्लीत त्यांच्या ‘रंगभूमि’ कादंबरीच्या प्रती जाळल्या गेल्या, त्या जाळणाऱ्यांचा राग कशावर होता ते समजून घे. पुस्तक जाळणं मला पटत नाही, पण घीसू-माधवला आळशी आणि निर्लज्ज रंगवताना लेखक कुठे उभा होता, हा प्रश्न मला पटतो. अनुवाद करताना तो प्रश्न मनात असला तर तू एखादं विशेषण जास्तीचं टाकणार नाहीस.

‘गोदान’ कधी करावी, विचारलंस. दहा वर्षांनी. पण तिच्या पहिल्या ओळी आताच घोळवून बघ. होरी बैलांना सानी-पानी देऊन धनियाला सांगतो, गोबरला ऊस खुरपायला पाठव. आणि लगेच पुढे, धनियाचे दोन्ही हात गोबरानं भरलेले होते. एक मुलगा, एक शेण, शब्द एकच. मराठीत मुलगा गोबर राहील आणि हात शेणानं भरतील, आणि ती टाळी हुकेल. मी आजवर सात-आठ वेळा प्रयत्न केला. ‘सानी-पानी’ला ‘वैरण-पाणी’ जमतं. गोबरचं जमलं नाही.

तुझ्या कथेतल्या कुत्र्याचंही तेच. नाव ‘जबरा’, म्हणजे दांडगा, आणि तो खाटेखाली थंडीनं कूं-कूं करतोय. हिंदी वाचकाला त्यातला उपरोध लगेच टोचतो. मराठीत आजची पोरं ‘जबरा’ म्हणजे भारी, मस्त असं म्हणतात, त्यामुळे नको तिथे हसू येतं. नाव बदलायचं नाही, एवढं मी ठरवलंय. पण आधीच्या वाक्यात काय केलं की तो दांडगाच वाटेल, ते मला सुचत नाहीये. तुला सुचलं तर नव्या खर्ड्याबरोबर कळव. संक्रांतीपर्यंत मी इथेच आहे.