आजोबा कुठल्या जहाजावर होते?

दुसऱ्या महायुद्धात आरमारात साधे नौसैनिक असलेल्या आजोबा-पणजोबांचा शोध घेणाऱ्यांची पत्रे साठली आहेत. त्यांतली काही आज घेतो.

आमचे पणजोबा गुहागरकडचे. लढाईत ‘बोटीवर होते’ एवढेच घरात सांगतात. ट्रंकेत शिक्क्यांनी भरलेली एक छोटी वही मिळाली. ते आरमारात होते हे कसे सिद्ध करायचे?

सिद्ध करायला निघण्याआधी ते खरेच आरमारात होते का, ते पाहा. कोकणात ‘बोटीवर’ म्हटले की लढाऊ जहाज आणि व्यापारी जहाज दोन्ही आले, आणि दोन्हींची दप्तरे पूर्णपणे वेगळी. तुमची वही बहुधा व्यापारी जहाजावरच्या खलाशाची आहे. जुने खलाशी तिला ‘नळी’ म्हणत. तिच्यात प्रत्येक सफरीची नोंद असते: जहाजाचे नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा, हुद्दा आणि वर्तणुकीचा शेरा. हुद्द्यावरून लगेच कळते. सारंग, टंडेल, सुकाणी, आगवाला, भंडारी असे असेल तर व्यापारी जहाज. एबल सीमन, लीडिंग सीमन, टेलिग्राफिस्ट असे असेल तर रॉयल इंडियन नेव्ही, म्हणजे तेव्हाचे आपले आरमार.

व्यापारी जहाज निघाले म्हणून हिरमुसू नका. युद्धात समुद्राने गिळलेल्या आपल्या माणसांत बहुसंख्य हेच होते. मुंबईत मस्जिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये एक स्मृतिग्रंथ आहे. १९३९ ते १९४५ मध्ये गेलेल्या आणि ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा सहा हजारांहून अधिक खलाशी-नौसैनिकांची नावे त्यात आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येतात. मात्र जो परत आला, तो तिथे सापडणार नाही.

आजोबांच्या सेवापत्रात डलहौसी, अकबर, तलवार आणि जमना अशी चार नावे आहेत. या चार जहाजांनी कोणत्या लढाया केल्या?

यातले जहाज एकच, जमना. बाकी तिन्ही किनाऱ्यावरचे तळ. आरमाराच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखेच ‘एचएमआयएस’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लावलेले नाव मिळते, आणि इथेच सगळ्यांची फसगत होते. डलहौसी म्हणजे फोर्टमधली कॅसल बॅरॅक्स, आजचे आयएनएस आंग्रे. अकबर ठाण्याजवळ कोलशेतला होते, आणि तलवार हे कुलाब्याचे सिग्नल स्कूल. ‘आजोबा अकबर जहाजावरून ब्रह्मदेशात लढले’ असे मला एका घरात मोठ्या अभिमानाने ऐकवले होते. ते लढले नव्हते असे नाही, पण अकबर कोलशेतची खाडी सोडून कुठेच गेले नाही.

तलवार नोंदीत आहे म्हणजे आजोबा बहुधा संदेशवहनाच्या शाखेत होते. आता जमनावरच्या तारखा घ्या. १९४३च्या जुलैत ते सतलज या जहाजाबरोबर इटलीच्या सिसिली बेटावर सैन्य उतरवण्याच्या मोहिमेत होते, १९४५च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर. आजोबा जहाजावर कधी चढले आणि कधी उतरले, त्यावरच सगळे ठरेल. साध्या नौसैनिकाचे नाव युद्धाच्या कागदात क्वचितच येते, त्याच्या जहाजाचे मात्र रोज येते. म्हणून मी नावाच्या मागे न लागता जहाज आणि तारीख यांच्या मागे लागायला सांगतो. ‘बेंगॉल’ हे नाव मिळाले तर ११ नोव्हेंबर १९४२ ही तारीख तपासाच. त्या चिमुकल्या सुरुंगशोधक जहाजाने त्या दिवशी हिंदी महासागरात दोन मोठ्या जपानी हल्लेखोर जहाजांशी झुंज दिली, आणि त्यांतले एक बुडाले.

भारत-पाकिस्तानच्या संयुक्त इतिहास विभागाने तयार केलेला रॉयल इंडियन नेव्हीचा अधिकृत इतिहास १९६४ मध्ये निघाला. मोठ्या ग्रंथालयात तो मागा.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जने ‘नोंद नाही’ असे कळवले. आता?

तिथली नौसैनिकांची रजिस्टरे ब्रिटिश रॉयल नेव्हीची आहेत. आपले आरमार हिंदुस्थान सरकारचे होते. मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे (नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारे नौदलाचे कार्यालय) आणि आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करा. सेवाक्रमांक असेल तर तो आधी लिहा.

नाव मात्र सैल हाताने शोधा. सावंतचे स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी सापडते, कुणाच्या आडनावाच्या जागी बापाचे नाव असते. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद जोडली तर गोंधळ पुष्कळ कमी होतो. आणि तेव्हाचा जिल्हा वेगळा होता हे विसरू नका. मालवणचा माणूस ‘रत्नागिरी’ म्हणून नोंदलेला असेल, कारण सिंधुदुर्ग १९८१ सालचा. मुरूडचा ‘जंजिरा संस्थान’ म्हणून, वाडीचा ‘सावंतवाडी संस्थान’ म्हणून.

पदकांवरून काही कळते का?

बरेच. आधी पदकाची कड आणि मागची बाजू भिंगातून पाहा. भारतीयांना दिलेल्या पदकांवर अनेकदा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. पॉलिश मात्र करू नका, अक्षरे झिजतात. बर्मा स्टार म्हणजे ११ डिसेंबर १९४१ नंतर त्या आघाडीवरची सेवा. इटली स्टार म्हणजे ११ जून १९४३ नंतर भूमध्य समुद्र. फक्त वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल असेल तर बहुतेक काळ देशातल्या तळांवर गेला.

आईचे वडील १९४६ मध्ये आरमारातून घरी आले, पण त्याबद्दल कधी बोलले नाहीत. ते त्या वर्षीच्या नौसैनिकांच्या बंडात होते का?

असू शकतात. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तलवारवर निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून संप सुरू झाला, आणि २३ तारखेला शरणागती झाली. त्यानंतर अनेकांना पकडले, अनेकांना काढून टाकले, आणि पुढे नोकरी मिळेना म्हणून कित्येकांनी तोंड मिटले. पण युद्ध संपल्यावर त्याच वर्षी आरमार कमी होत होते, हजारो जण रीतसर घरी आले. नुसत्या सालावरून बंडवाला ठरवणे हा त्यांच्यावर आणि बंडवाल्यांवरही अन्याय होईल.

कार्यमुक्तीचे कारण आणि तारीख बघा. या बंडाला स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजनेत मान्यता आहे, तेव्हा त्यांनी कधी अर्ज केला असेल तर त्याची फाईल असेल. चौकशी आयोगाची कागदपत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आणि आईला एवढे नक्की विचारा: ते घरी आले तेव्हा सोबत गणवेश, पदके, कागद काही होते, की अंगावरच्या कपड्यानिशी आले?