आउटडोअर युनिटची जागा आधी ठरवा
पहिलाच एसी ना? घाबरू नका. फक्त बसवणारा येण्याआधी आउटडोअर युनिटची, म्हणजे एसीच्या खोलीबाहेर बसणाऱ्या डब्याची, जागा तुम्ही ठरवून ठेवा. तो घाईत असतो. जिथं भोकं पाडायला सोपं, तिथं स्टँड ठोकून मोकळा होतो.

- मोकळी हवा सगळ्यात महत्त्वाची. मागे फूटभर, पुढे निदान 2-3 फूट. माझं पहिलं युनिट मी ड्राय बाल्कनीत कोंडलं होतं. मे महिन्याच्या दुपारी स्वतःच फेकलेली गरम हवा ते परत ओढायचं, खोली गार होईचना. ग्रिलबाहेर काढलं आणि त्याच रात्री पांघरूण शोधावं लागलं.
- सर्व्हिसिंगवाल्याला छज्ज्यावर लटकावं लागेल अशी जागा नकोच. माणसाचा जीव आहे.
- स्टँड पक्क्या भिंतीत, अँकर फास्टनरनं (भिंतीत घट्ट रुतून बसणारा बोल्ट). खाली रबरी पॅड.

पाइप जोडल्यावर 15-20 मिनिटं व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा ओढून काढणारं यंत्र) लावायलाच सांगा. ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणाला तर तिथंच थांबवा. एसीत भरलेला आर-32 हा पेट घेणारा गॅस आहे.

सोसायटीची परवानगी मात्र भोकं पाडायच्या आधी घ्या.