आजोबांचे जुने वाफेचे मॉडेल इंजिन: नवा रंग द्यावा का, आणि ते पुन्हा धावेल का?

आजोबांच्या पेटीत सापडलेल्या बोमन कंपनीच्या, ओ गेजच्या, स्पिरिटवर चालणाऱ्या इंजिनाला नवा रंग द्यावा का, असे आपण विचारले आहे. देऊ नये. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातल्या डेरहॅम येथे दोन महायुद्धांच्या दरम्यान बनलेली ही इंजिने ओ गेजच्या, म्हणजे दोन रुळांत ३२ मिलिमीटर अंतर असलेल्या, मार्गावर खऱ्या वाफेने धावत, आणि त्यांचा मूळ रंग एकदा खरवडला की तो कोणत्याही पैशाने परत मिळत नाही.

आमच्याकडे याच प्रकारचे इंजिन वडिलांकडून आले, तेव्हा माझ्या थोरल्या चुलतभावाने ते घासून, रंगवून काचेच्या कपाटात ठेवण्याचा घाट घातला होता. दादाच्या मते ते आता धावणार नव्हते, म्हणून निदान ते चकचकीत तरी दिसावे. मी ते त्याच्या हातून अक्षरशः काढून घेतले. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती कपडा टेंडरवर (इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर) हळूहळू फिरवला, तेव्हा काजळीच्या थराखालून रेल्वे कंपनीची आद्याक्षरे जवळजवळ अखंड वर आली. दादाचा पॉलिश पेपर तेथे फिरला असता, तर ती कायमची गेली असती.

इंजिनाचा दम गेला होता, त्याचे कारण बॉयलरमध्ये नव्हतेच. अशा इंजिनांत सिलिंडर स्वतः डोलतो आणि स्प्रिंगच्या दाबाने त्याचा सपाट चेहरा वाफेची भोके असलेल्या ठोकळ्यावर टेकून राहतो. त्या चेहऱ्यावर चरे पडले की पिस्टनपर्यंत पोहोचण्याआधीच वाफ फटीतून निसटते. जाड काचेवर अगदी बारीक पॉलिश पेपर ठेवून, तेलाचा थेंब टाकून, दोन्ही चेहरे आठच्या आकड्यासारखे फिरवत मी घासले आणि पृष्ठभाग सर्वत्र एकसारखा मंद दिसू लागेपर्यंत थांबलो नाही. स्प्रिंग अधिक आवळण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो चुकीचा आहे, कारण त्याने घर्षण वाढते आणि चरे अधिक खोल होतात. स्टीम सिलिंडर ऑइल घालून वाफ सोडल्यावर इंजिन स्वतःच्या बळावर निघाले. दादा आजही म्हणतो की रंगवले असते तर अधिक शोभले असते. मला ते मान्य नाही.

बॉयलरच्या सांध्यांना कथील-शिशाचा डाग (सोल्डर) असेल, तर पाणी संपल्यावरही आच चालू ठेवणे सर्वांत घातक आहे, कारण तो डाग साधारण १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. त्यावर चांदीचे झाळकाम (सिल्व्हर सोल्डरिंग) करू नये. शिल्लक राहिलेले शिसे तो सांधा बिघडवते. पितळ जागोजागी गुलाबी दिसत असेल, तर त्यातले जस्त निघून गेलेले असू शकते आणि असा बॉयलर पेटवू नये.

एवढे करूनही आपले इंजिन धावेलच, हे न पाहता सांगता येणार नाही. वाफ करण्यापूर्वी सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवावा आणि बॉयलर हवा न ठेवता पाण्याने पूर्ण भरून, हातपंपाने इंजिन ज्या दाबावर चालते त्याच्या दुप्पट दाबावर जाणकाराकडून तपासून घ्यावा. दिव्यातली जुनी वात ॲसबेस्टसची असण्याची शक्यता आहे. ती कोरडी उपसू नये, ओली करून, मास्क लावून काढावी आणि तिच्या जागी काचतंतूची वात घालावी.