सेल न फोडता आत काय बिघडलंय हे कळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: १८६५० सेलची (दंडगोल लिथियम-आयन बॅटरी सेलची) क्षमता बरीच उतरली आहे, मायक्रो-सीटीत, म्हणजे अतिसूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये, मात्र सगळं जागच्या जागी दिसतं; मग सेल न फोडता दोष शोधायचा कसा? स्कॅटरिंग टोमोग्राफीने, म्हणजे विखुरलेल्या क्ष-किरणांवरून आतलं चित्र उभं करून, शोधता येतो; आणि तुमच्यासाठी तिचा डिफ्रॅक्शनवाला प्रकार अगदी योग्य आहे. त्यात स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून विखुरलेले किरण डिटेक्टरवर वलयं उमटवतात. मी सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, हेच काम करतो.

सीटी प्रत्येक बिंदूपाशी एकच आकडा देतं: तिथे क्ष-किरण किती शोषले गेले. लिथियम इतकं हलकं, की ते आलं काय नि गेलं काय, त्या आकड्याला फारसा पत्ता लागत नाही. पण चार्ज करताना लिथियम इलेक्ट्रोडमधल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतं, आणि त्या थरांमधलं अंतर मात्र लगेच बदलतं. रिकाम्या ग्राफाइटमध्ये ते सुमारे ३.३५ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) असतं, लिथियम अर्धं भरलं की ३.५२ च्या आसपास आणि पूर्ण भरलं की ३.७०. अंतर वाढलं की डिटेक्टरवरचं वलय केंद्राकडे सरकतं. पूर्ण चार्ज केलेल्या सेलमध्ये एखाद्या पट्ट्यात ३.५२ चंच वलय दिसलं, तर तिथवर लिथियम पूर्ण पोहोचलेलं नाही.

मोजणी अशी होते. केसाहूनही बारीक बीम सेलमधून आरपार जातो. सेल आडवा सरकवत जायचा, मग थोडा फिरवून पुन्हा सरकवायचा. दर वेळी वलयांचा पूर्ण फोटो घ्यायचा. २०० जागा आणि २०० कोन धरले तर एका कापासाठी ४०,००० फोटो होतात. प्रत्येकी दशांश सेकंद दिला तरी तासाहून जास्त वेळ जातो. मग नेहमीच्या सीटीचंच गणित वलयांच्या प्रत्येक कोनासाठी वेगळं चालवलं, की कापातल्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा डिफ्रॅक्शन पॅटर्न मिळतो. पहिल्यांदा हे बघताना मला खरोखर भरून आलं होतं.

अडचणीही आहेत. तांब्याच्या फॉइलमधले कण मोठे असले की वलयाऐवजी सुटे ठिपके येतात आणि चित्रभर रेघा उमटतात. शिवाय सेलच्या पुढच्या आणि मागच्या भागातून विखुरलेले किरण डिटेक्टरपासून वेगवेगळ्या अंतरावरून येतात, त्यामुळे वलय जाड होतं. ही दुरुस्ती टाळू नका. ३.५२ आणि ३.७० वेगळे ओळखू येणं त्यावरच अवलंबून असतं.

हाडासारख्या दिशा असलेल्या पदार्थात प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तंतू फिरले की स्कॅटरिंगही बदलतं. तिथे नमुना दुसऱ्या अक्षावरही कलवावा लागतो. २०१५ मध्ये मानवी हाड आणि दात यांवर ही टेन्सर टोमोग्राफी करून दाखवली गेली. तुम्हाला तिची गरज नाही.

पोलादी डब्यातून आरपार जायला चांगल्या तीव्रतेचे, ८०-१०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातले किरण लागतात. इंदूरचं इंडस-२ सिंक्रोट्रॉन पातळ नमुन्यांसाठी उत्तम आहे, पण अख्ख्या १८६५० साठी मी फ्रान्समधल्या ग्रेनोबलचं ईएसआरएफ किंवा जर्मनीतल्या हॅम्बर्गचं पेट्रा-३ ही सिंक्रोट्रॉन सुचवेन.

बिघडलेल्या सेलसोबत त्याच बॅचचा एक न वापरलेला सेलही न्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि चार्जिंग तिथे पोहोचल्यावरच करा. सुटे लिथियम-आयन सेल विमानाच्या मालवाहतुकीत सहसा ३० टक्क्यांहून जास्त भरलेले चालत नाहीत.