कंट्रोल मेजच्या जोडीला कोण हवे?

संगणकावरील सांघिक लढाईच्या खेळांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे नागपूरची आहेत आणि तिघांचाही प्रश्न एकाच मुद्द्याभोवती फिरतो : कंट्रोल मेज, म्हणजे दुरून जादूचा मारा करून जागा अडवणारा जादूगार, खेळताना सोबत कोण हवे? त्यांची उत्तरे म्हणूनच एकत्र देत आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही नंदनवन भागात राहणारे पाच मित्र वर्षभरापासून ‘लीग ऑफ लेजेंड्स’ एकत्र खेळतो आणि हिवाळ्यातील एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरण्याचा आमचा विचार आहे. मी मिडला, म्हणजे मधल्या लेनवर (वाटेवर), ओरिआना हा मेज खेळतो. टॉपला (वरच्या लेनवर) आणि लेनमधल्या जंगलात आमचे दोघे मित्र असॅसिन, म्हणजे एकेकट्याला झटकन मारणारी पात्रे, घेतात, खाली एक नेमबाज असतो आणि त्याच्या सोबतीला सपोर्ट म्हणून सोराका. पहिली २० मिनिटे आम्ही बहुधा पुढे असतो, पण नंतर पाचही जण समोरासमोर भिडले की हरतो. सामना संपल्यावरच्या तक्त्यात सर्वांत जास्त डॅमेज (शत्रूंना केलेली इजा) माझेच असते. मग आमचे कुठे चुकते आणि संघात कोणाला बदलावे?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : मित्रांपैकी कोणालाही बदलू नका. बदल हवा आहे तो त्यांनी निवडलेल्या चॅम्पियनमध्ये, म्हणजे पात्रांमध्ये. पण त्याआधी तक्त्यातील त्या आकड्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण कंट्रोल मेज खेळणाऱ्यांची दिशाभूल जितकी हा आकडा करतो तितकी दुसरे काहीच करत नाही. ओरिआनाचा गोळा एका वेळी तिघांना लागतो, ते तिघे चार पावले मागे सरकतात, तळावर जाऊन बरे होऊन परत येतात आणि तुमच्या नावावर मात्र डॅमेज जमा होत राहते. कंट्रोल मेजचे खरे काम आहे ते जमिनीचा एखादा तुकडा काही क्षणांपुरता असा करून ठेवण्याचे, की शत्रूला तिथे उभे राहणे परवडू नये. त्या तुकड्यात शत्रूला धरून ठेवणारे कोणी नसेल, तर तो निवांतपणे बाजूने निघून जातो. तुमच्या संघात अडवणारा एक आहे, मारणारे तीन आहेत, बरे करणारी एक आहे. धरणारा मात्र कोणीच नाही.

कबड्डी पाहिली असेल तर ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. कोपऱ्यातला गडी चढाईपटूचा घोटा अचूक धरतो, पण शेजारचे दोघे त्याच क्षणी धावून आले नाहीत, तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि गुण घेऊन जातो. घोटा धरणाऱ्याची पकड चुकलेली नसते, तरी ती वाया जाते. तुमचे ‘शॉकवेव्ह’, म्हणजे शत्रूंना गोळ्याकडे ओढणारे ओरिआनाचे अल्टिमेट (सर्वांत मोठे अस्त्र), २० मिनिटांनंतर वाया जाते ते नेमके असेच.

आता धरणारा कोण, ते पाहू. टॉपला माल्फाइट घेतल्यास काय होते, ते क्षणाक्षणाने पाहण्यासारखे आहे. माल्फाइट आपल्या अल्टिमेटने ज्यांच्यावर जाऊन आदळतो ते दीड सेकंद हवेत राहतात. शॉकवेव्हचे बटण दाबल्यापासून प्रत्यक्ष ओढ बसेपर्यंत साधारण अर्धा सेकंद जातो. दीड सेकंदात अर्धा सेकंद सहज बसेल असे वाटते, परंतु माल्फाइट आदळल्याचे डोळ्यांनी पाहून, मग गोळा तिकडे पाठवून, मग बटण दाबायला गेलात तर तोवर शत्रू जमिनीवर येऊन चालू लागलेला असतो. म्हणून गोळा आधीच माल्फाइटच्या अंगावर असला पाहिजे. ओरिआना सहकाऱ्यावर गोळा पाठवते तेव्हा त्याला ढाल मिळते आणि गोळा त्याच्याबरोबर फिरतो, म्हणजे लढाईत शिरणाऱ्याचे रक्षणही होते आणि तुमचे अस्त्रही विनासायास शत्रूच्या मधोमध पोहोचते. एवढे मात्र लक्षात ठेवा की गोळा तुमच्यापासून फार दूर गेला तर आपोआप तुमच्याकडे परत येतो. त्यामुळे माल्फाइट पुढे गेला आणि तुम्ही मागे टॉवरपाशी राहिलात, तर सगळा बेत फसतो. आणखी एक गोष्ट माल्फाइटच्या बाजूने सांगायला हवी. शत्रूने टेनॅसिटी वाढवणारे बूट घेतले की स्टनचा (जखडण्याचा) आणि स्लोचा (मंदावण्याचा) वेळ घटतो, पण हवेत उडवल्याचा वेळ त्याने घटत नाही, त्यामुळे त्या दीड सेकंदावर तुम्ही निर्धास्त विसंबू शकता.

जंगलासाठी मी जार्व्हन सुचवीन. त्याचे अल्टिमेट शत्रूभोवती गोल भिंत उभी करते आणि आत सापडलेल्याला बाहेर पडायला उडी किंवा फ्लॅश (क्षणात थोडे दूर नेणारे अस्त्र) वापरावा लागतो. फ्लॅश एकदा वापरला की ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे, परत मिळत नाही. पहिल्या झटापटीत शत्रूचा नेमबाज फ्लॅश करून निसटला, तर ती झटापट वाया गेली असे मानू नका. त्याची वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याच माणसावर पुन्हा जा. दोन्ही मित्र बदलायला तयार नसतील तर आधी जंगलवाल्याला विनंती करा, कारण तो तुमच्या लेनच्या सर्वांत जवळ असतो. ओरिआनाकडे पळून जायला स्वतःची उडी नाही, पण मिनियनची (लेनवरून चालत येणाऱ्या छोट्या सैनिकांची) लाट मात्र ती लवकर साफ करते. त्यामुळे नदीपाशी पहिल्यांदा पोहोचण्याची संधी तुम्हा दोघांना वारंवार मिळते, आणि तिचा फायदा तिथे जाऊन टिकून राहणारा जंगलवालाच घेऊ शकतो.

असॅसिन वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. अडचण इतकीच आहे की असॅसिनला शत्रू पांगलेले हवे असतात आणि तुम्हाला ते एकत्र आलेले हवे असतात. तो मागून, एकटा, आपल्या वेळेने शिरतो आणि तुम्ही समोरून सर्वांना एका वर्तुळात ओढू पाहता. एका संघात असा एक खेळाडू चालून जातो. दोन असले की संघाचे दोन संघ होतात. पहिल्या २० मिनिटांत, शत्रू आपापल्या लेनमध्ये विखुरलेले असताना, तुम्ही पुढे असता आणि ते एकत्र आल्यावर मागे पडता, याचे कारण मला यातच दिसते.

सोराकाविषयी थोडे हळुवारपणे लिहितो, कारण ती खेळणाऱ्याची माया संघाला जाणवत असते. ती स्वतःचे आरोग्य खर्च करून दुसऱ्याला बरे करते. पण मेज मरतो तो बहुधा थोडे थोडे करून मरत नाही; एका सेकंदात मरतो आणि तेवढ्या वेळात बरे करायला उसंतच मिळत नाही. तुम्हाला हवा आहे तो घाव बसण्याआधी आडवा येणारा सपोर्ट. ब्राउम ढाल उभारून समोरून येणारे बाण आणि जादूचे मारे अडवतो. लुलू अंगावर चालून आलेल्याला क्षणभर निरुपद्रवी प्राणी करून टाकते आणि तिच्या अल्टिमेटने सहकारी मोठा होताच त्याच्या आसपासचे शत्रू हवेत उडतात. गोळा ज्याच्या अंगावर आहे त्यालाच लुलूने मोठे केले, तर पुढे काय करायचे ते तुम्हाला मी सांगायला नको.

नेमबाज आहे तसाच ठेवा. माल्फाइटचा आणि तुमचा बहुतेक मारा जादूचा असल्याने शत्रू जादूपासून वाचवणाऱ्या वस्तू घेत सुटेल, आणि त्या वेळी शारीरिक मारा करणारे नेमबाज आणि जार्व्हनच उपयोगी पडतील.

निवडीच्या क्रमाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी स्पर्धेत उतरणार आहात म्हणून सांगतो. स्पर्धेच्या रूढ पद्धतीत दोन्ही संघांचे आधी तीन-तीन बॅन (चॅम्पियन वर्ज्य करणे), मग तीन-तीन पिक (निवडी), त्यानंतर आणखी दोन-दोन बॅन आणि शेवटी दोन-दोन पिक होतात. पुष्कळ जण मिडचा खेळाडू शेवटी जाहीर करावा असे सांगतात. परंतु तुमच्या हाताला दोन-तीनच मेज बसलेले असतील, तर मधल्या बॅनमध्ये शत्रू नेमके तेच काढून टाकील. तेव्हा ओरिआना आणि जार्व्हन पहिल्या तीन पिकमध्ये घेऊन टाका आणि सपोर्ट मागे ठेवा.

प्रश्न : मी ‘डोटा २’मध्ये क्रिस्टल मेडन खेळते. माझे ‘फ्रीझिंग फील्ड’ दिसायला भव्य असते, पण ते सुरू करताच पहिल्या दोन सेकंदांत मी मरते. भाऊ म्हणतो की हिरो बदल. मला मात्र हाच हिरो खेळायचा आहे. सोबत कोणाला घेऊ?
— एक वाचक, धंतोली

उत्तर : ताई, हिरो बदलू नका. फ्रीझिंग फील्ड हे एका जागी थांबून चालू ठेवायचे अस्त्र आहे. ते कमाल १० सेकंद चालते आणि मध्येच कोणी स्टन केले तर तिथेच संपते. त्यामुळे तुम्ही ते लढाईच्या आरंभी वापरत असाल तर प्रत्येक वेळी मराल. तुमच्या आधी कोणीतरी शत्रूंना जखडलेले असले पाहिजे. यासाठी मला सर्वांत आवडणारी जोडी फेसलेस व्हॉइड या हिरोची आहे. त्याच्या ‘क्रोनोस्फिअर’ या घुमटात सापडलेले सर्व जण गोठतात आणि तो स्वतः मात्र आत मोकळा फिरतो. नवख्या संघात घोटाळा होतो तो इथेच, कारण त्या घुमटात शिरलेले आपले सहकारीही गोठतात. जवळ जाऊन तलवार चालवणारे दोघे तिघे संघात असतील तर ते घुमटाबाहेर ताटकळत उभे राहतात. तुमचे अस्त्र मात्र दूरवर पसरते, त्यामुळे घुमटाच्या कडेबाहेर, एक पाऊलही आत न टाकता, तुम्ही ते सुरू करू शकता आणि आतले कोणी तुम्हाला थांबवू शकत नाही. घुमटाबाहेर राहिलेल्या शत्रूची भीती उरतेच. त्यासाठी पैसे साठले की ब्लॅक किंग बार ही काही क्षण जादूपासून वाचवणारी वस्तू घ्या, आधी ते वापरा आणि मग फील्ड सुरू करा.

व्हॉइड नसेल तर एनिग्माही चालेल, पण त्याचे ‘ब्लॅक होल’ हेही थांबून चालवायचे अस्त्र असल्याने दोघांपैकी एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने काय करायचे, हे आधी ठरवून ठेवावे लागते. भावाला एवढेच सांगा की तुमच्यामुळे सहकाऱ्यांची मना (अस्त्रे वापरायला लागणारी शक्ती) लवकर भरते, म्हणून त्याने मना भराभर संपवणारा हिरो घेतला तर त्याचाच फायदा आहे.

प्रश्न : माझा ठरलेला संघ नाही, रोज अनोळखी चौघांबरोबर खेळतो. मला ‘लीग ऑफ लेजेंड्स’मधील ॲनिव्हिया आवडते. सहकारी निवडणे माझ्या हातात नसताना मी काय करावे?
— एक वाचक, कामठी रोड

उत्तर : सहकारी निवडता येत नसतील तर आपली निवड शक्य तितकी उशिरा करा. पुढे उभा राहणारा कोणी दिसला तर ॲनिव्हिया घ्या. सहकाऱ्याने पॉपी घेतली तर ॲनिव्हिया अवश्य घ्या, कारण पॉपी शत्रूला ढकलत भिंतीवर आपटते तेव्हा तुम्ही उभी केलेली बर्फाची भिंतही त्यासाठी चालते. कोणीच पुढे जाणारा नसेल तर त्या दिवशी ॲनिव्हियाचा मोह टाळून लिसांड्रा घ्यावी, असे माझे मत आहे. ती शत्रूला स्वतःच धरते आणि अंगावर आले तर स्वतःला बर्फात गोठवून वाचवतेही, त्यामुळे दुसऱ्याच्या मर्जीवर कमी अवलंबून राहावे लागते.

ॲनिव्हियाची भिंत आपल्याच माणसालाही अडवते, ही गोष्ट मी फार वाईट रीतीने शिकलो. मे महिन्यातली दुपार होती, मनीषनगरला मित्राच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण खेळत होतो आणि कूलर इतका घरघरत होता की शेजारच्याचेही बोलणे नीट ऐकू येत नव्हते. आमचा टँक (पुढे राहून मार सोसणारा) ड्रॅगनपाशी शत्रूंमध्ये शिरत असताना ‘भिंत नको’ असे ओरडला. मला फक्त ‘भिंत’ ऐकू आले आणि मी ती घातली. तो तिकडे एकटा, आम्ही चौघे इकडे. भिंत विरघळली तेव्हा तो मेलेला होता. त्या दिवसापासून आम्ही नकारासाठी वेगळाच शब्द ठरवला. भिंत हवी असेल तर ‘टाक’, नको असेल तर ‘थांब’. अनोळखी लोकांशी बोलणे होत नसेल तर भिंत घालण्यापूर्वी त्या जागेवर पिंग (नकाशावरची खूण) करा, अर्धा सेकंद थांबा, आणि तुमच्यापुढे गेलेला शेवटचा सहकारी मिनिमॅपवर कुठे आहे ते पाहूनच बटण दाबा.