जुना रंधा घेताना, विकताना

वडील बोटीवर कार्पेंटर होते. त्यांच्या पेटीत ‘स्टॅनले नंबर ४’ हा लोखंडी रंधा सापडला. गंजला आहे. विकण्याआधी ग्राइंडर मारून, रंग देऊन चकचकीत करू का? (फोंडा)

कृपा करून नको. जाणकार गिऱ्हाईक मूळचा काळा लेप आणि मूळची मूठ बघतो. रंग दिसला की आत काहीतरी लपवलं आहे, अशीच त्याला शंका येते. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने गंज पुसा. तळावर राहिला तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने, रंध्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा. मूठ घासू नका. शिसवीची असेल तर सुकल्या कपड्याने पुसली तरी तिचा रंग वर येतो.

पातं काढून त्यामागचं बीड, म्हणजे रंध्याचं ओतीव लोखंड, नीट बघा. तिथे पेटंटच्या तारखा उठवलेल्या असतात. शेवटची एप्रिल १९१०ची असेल तर रंधा त्यानंतरचा. पण नुसत्या वयाला भाव येत नाही. नंबर ४ आणि ५ घरोघरच्या वापराचे, म्हणून भरपूर निघाले. दुर्मीळ तो नंबर १, जेमतेम साडेपाच इंचांचा, आणि त्याच्या नकलाही बाजारात फिरतात.

एखादा स्क्रू हरवला असेल तर तसंच सांगून विका. स्टॅनलेचे आटे वेगळे असतात. दुकानातला मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने बसवला की बिडातले आटेही जातात.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी हत्यारं दिसतात. घेताना काय तपासू? (डिचोली)

सगळ्यात आधी तडा. बीड कडक, पण ठिसूळ. रंधा हातातून फरशीवर पडला की बाजूच्या भिंतीला किंवा तोंडाजवळ (तळातल्या ज्या फटीतून पातं बाहेर येतं तिथे) तडकतो. मी स्वतः एकदा फसलो. तडा पितळेने जोडून वरून काळा रंग मारला होता, आणि घरी आणून पहिला हात मारताच तो उघडा पडला. तेव्हापासून खिशात खडू असतो. तळाला थोडं रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं आणि खडू घासायचा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. विकणारा हे करू देत नसेल तर रंधा खाली ठेवा.

मग पातं. खाचेच्या खाली पोलाद किती उरलंय ते बघा. धार लावून लावून खाचेपर्यंत आलं असेल तर नव्या पात्याचे पैसे भावातून वजा करा. तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मध्ये किंचित फट चालते, पण तोंडापाशी खड्डा असेल तर पापुद्रा एकसारखा निघत नाही.

आजोबांचा लाकडी रंधा आहे, पाचर बसत नाही. (काणकोण)

पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा पाचर तासायची घाई करू नका. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की पुन्हा बसवून बघा. एरवी पातं काढून ठेवा, त्याला शिलाई मशीनचं तेल लावा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतच घाम धरतो.

हणजूणला भेटलेला एक परदेशी पाहुणा जुना इंग्लिश रंधा मागतो आहे. देऊ का? (शिवोली)

त्याचं वय आधी ठरवा. शंभर वर्षांहून जुनी, कारागिरीची साक्ष देणारी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. विमानतळावर अडकला तर रंधाही जातो आणि पाहुण्यालाही मनस्ताप होतो. त्यापेक्षा इथल्याच एखाद्या मेस्ताला दाखवा. रोज लाकडावर हात चालवणारा माणूस चांगल्या नंबर ५ला योग्य भाव देतो, आणि मला विचाराल तर पहिला मान त्याचाच.